कोपरा नसलेली टाकी

घरात फिशटँक आणला की आपण आधी काय लावतो? बुडबुडे सोडणारा एअरस्टोन. मग फिल्टर, तळाला रंगीत खडे, हौस असली तर प्लॅस्टिकचा खजिन्याचा पेटारा. जेलीफिश ठेवायची असेल, तर यातलं एकूण एक सामान आधी बाहेर काढायचं.

घरी पाळली जाते ती बहुधा मून जेलीफिश, म्हणजे ऑरेलिया. शरीराचा सुमारे 95 टक्के भाग पाणी. मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही. छत्री मिटते, उघडते आणि ती थोडी पुढे सरकते. एवढ्या जोरावर प्रवाहाशी झुंजता येत नाही, आणि समुद्रात त्याची गरजही पडत नाही, कारण तिथे भिंत नसते. चौकोनी टाकीत मात्र ती ढकलली जाते आणि कोपऱ्यात अडकून काचेला घासत राहते. नाहीतर फिल्टरच्या तोंडाला चिकटते. बुडबुड्याची गोष्ट आणखी वाईट. तो छत्रीखाली अडकला की तिला वर ओढत नेतो आणि शेवटी छत्रीला भोक पाडतो.

म्हणजे इथे प्राण्याआधी प्रवाह पाळावा लागतो. तो कसा पाळायचा, हे जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावरच्या जीवशास्त्र संस्थेतले वोल्फ ग्रेव्हे यांनी शोधलं. 1968 साली त्यांनी आपल्या ‘प्लँक्टनक्रायझेल’ची माहिती प्रसिद्ध केली. क्रायझेल म्हणजे भोवरा. पुढे अमेरिकेत विल्यम हॅमनर यांनी त्यात सुधारणा केल्या, आणि आज घरगुती जेलीफिश टाक्या विकल्या जातात त्या याच घराण्यातल्या. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम डोळ्यांसमोर आणा. पाणी गोल भिंतीलगत अलगद आत येतं आणि सावकाश चक्राकार फिरतं, जेलीफिश मधोमध तरंगत राहते. पाणी बाहेर जातं ते रुंद जाळीतून, म्हणजे कुठल्याच एका जागी ओढ जोराची नसते. शिवाय आत येणारं पाणी त्या जाळीवरूनच सरकत जातं, त्यामुळे जवळ आलेली जेलीफिश आपोआप बाजूला होते.

वेग जास्त झाला तर त्या कोलांट्या खातात, कमी झाला तर तळाशी बसतात. पंपाची चावी केसभर फिरवायची आणि दहा मिनिटं बघत बसायचं, याला दुसरा उपाय नाही.

पाण्याबाबत एक ताकीद. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात, लिटरला साधारण 35 ग्रॅम, असं विरघळवतात. आणि रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी आपल्याला कितीही मानवत असलं, तरी इथे तांबं म्हणजे विष. माशांच्या कित्येक औषधांत ते असतं, तेव्हा जुनी बाटली उपडी करायची नाही. टाकी भरल्यावर विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी रिकामीच फिरत ठेवायची. घरातली मंडळी हसतील, हसू द्यावं.

मे महिन्यातल्या मुंबई-नागपुरात खरा खर्च जेलीफिशचा नसून थंडाव्याचा. मून जेलीफिशला पाणी वीस अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं, म्हणजे चिलर आला आणि त्याचं वीजबिलही आलं. तेवढी तयारी नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गप्पीच बऱ्या.

खाणं मात्र घरीच उबवता येतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापायचा, बाटली बुच लावून उलटी टांगायची, मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा झिंग्यांची, चिमूटभर अंडी टाकायची आणि हवेची नळी सोडायची. उबदार जागी साधारण दिवसभरात अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि बुचाजवळ विजेरी धरली की उजेडाकडे शेंदरी ठिपक्यांचा लोंढा जमतो. ते काढून, बारीक विणीच्या कापडात धुऊन, ड्रॉपरने जेलीफिशजवळ सोडायचे. छत्रीवरच्या चिकट थरात ते अडकतात, कडेकडे सरकवले जातात आणि थोड्या वेळात पारदर्शक अंगातलं पोट शेंदरी दिसू लागतं. तिच्या अंगातल्या घोड्याच्या नालेसारख्या चार खुणांना लोक डोळे समजतात. ती प्रत्यक्षात जननग्रंथींची जागा आहे.

बिनसलं की तेही दिसतंच. पावसात वाऱ्याने छत्री उलटावी तशी ती उलटी होते. तसं झालं तर आधी पाणी तपासायचं. उपाशी राहिली तर मरण्याआधी ती आकसत जाते, कालची बशी आज वाटीएवढी. हलवायची झाली तर जाळीने उचलायचं नाही, पाण्यासकट भांड्यात घ्यायचं. पाण्याबाहेर तिचं अंग स्वतःचं वजन पेलत नाही.

आयुष्य मात्र वर्षभराचं, फार तर थोडं अधिक. पण टाकीत नर-मादी दोन्ही असतील, तर एखाद्या दिवशी काचेवर फिकट ठिपके दिसतात. ते पुसून टाकू नका. ती त्यांची पिलावळ, पॉलिप. गारवा मिळाला की एकेका पॉलिपला आडव्या खाचा पडतात, बशांची चळत रचावी तशा चकत्या तयार होतात आणि वरून एकेक सुटू लागते. प्रत्येक चकती आठ हातांची, नखाहूनही लहान, आणि सुटल्या क्षणापासून धडधडणारी.