दुष्फेन पाणी आणि दाढीचा साबण

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही आणि फेसाऐवजी पांढरट साका तयार होतो, त्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. बोलण्यात तेच 'जड पाणी', 'क्षाराचे पाणी' किंवा नुसते 'बोअरचे पाणी' असते. (अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी निराळे.) याउलट पावसाचे पाणी सुफेन. मराठीतल्या या दोन्ही संज्ञा 'फेन' म्हणजे फेस या शब्दावरून आल्या आहेत, त्यामुळे दाढीचा विषय निघाला की सगळे लक्ष फेसाकडेच जाते. पण हिशेब मांडून पाहिले तर दुष्फेन पाण्याचा खरा उपद्रव फेस करताना कमी आणि धुताना जास्त असतो. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही टप्प्यांचा विचार केला आहे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकांमधले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. या दोन धातूंच्या आयनांमुळे पाणी दुष्फेन बनते. ते बायकार्बोनेटाच्या रूपात असतील तर पाणी उकळल्यावर कार्बोनेटाचा साका बसतो आणि दुष्फेनता उतरते. म्हणून ती तात्पुरती. सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असतील तर उकळून काही साधत नाही, ती कायमची. मोजमाप कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबात, प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात. प्रचलित वर्गीकरणात ६० पर्यंतचे पाणी सुफेन आणि १८० च्या पुढचे अति दुष्फेन समजले जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणी दाढीसाठी त्रासाचे असू शकते.

एकेकाळी दुष्फेनता फेसावरूनच मोजत असत. ॲबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली चुन्याची निवळी घालून पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. दुष्फेनता मापण्याची साबण-चाचणीही त्यांचीच. ठरावीक तीव्रतेचे साबणाचे द्रावण बाटलीतल्या पाण्यात थोडे थोडे घालून हलवत राहायचे आणि फेस पाच मिनिटे टिकला की थांबायचे. जितके द्रावण खर्ची पडले तितके पाणी दुष्फेन. पुढे कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ईडीटीए या संयुगाने अनुमापन (टायट्रेशन) करण्याची अचूक पद्धत आली आणि साबणाची बाटली प्रयोगशाळेतून मागे पडली. पण क्लार्क यांच्या चाचणीतली मूळ गोष्ट रोज सकाळी वाटीत घडतच असते: पाण्यातले कॅल्शियम आधी आपला वाटा घेते, फेस उरलेल्या साबणाचा होतो.

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम लवण. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा वाटा अंगाच्या साबणापेक्षा बराच मोठा असतो. त्याच्या लांब साखळीमुळे फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि गालावर टिकणारा होतो. पोटॅशियममुळे साबण मऊ राहून पाण्यात लवकर विरघळतो, खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाने फेस चटकन उठतो आणि ग्लिसरिनने तो लवकर सुकत नाही. मेख अशी की दाटपणा देणारे हेच स्टिअरिक आम्ल कॅल्शियमच्या तावडीत पहिल्यांदा सापडते. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि पाण्यात न विरघळणारे कॅल्शियम स्टिअरेट बनते. बादलीच्या आत बसणारा पांढरा चिकट पट्टा तो हाच. उलट खोबरेलाचा साबण दुष्फेनच नव्हे तर खाऱ्या पाण्यातही बरा फेसाळतो, म्हणून जहाजांवर समुद्राच्या पाण्यासाठी तोच नेत असत.

आता हिशेब. प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेचे एक लिटर पाणी सुमारे ०.६ ग्रॅम साबण निकामी करते. पाण्याची दुष्फेनता ३०० धरली तर हा आकडा १.८ ग्रॅमवर जातो. एका दाढीचा फेस करायला फार तर ३० मिलिलिटर पाणी लागते. तेवढ्यात जेमतेम ०.०५ ते ०.०६ ग्रॅम साबण वाया जातो. ब्रशवर एक ग्रॅम साबण घेतला असेल तर हे नुकसान शेकडा पाच-सहा इतकेच. मग फेस इतका का बिघडतो? कारण तयार झालेला साका स्वस्थ बसत नाही. बुडबुड्याची भिंत म्हणजे पाण्याचा अतिपातळ पापुद्रा, दोन्ही बाजूंनी साबणाच्या रेणूंनी धरून ठेवलेला. कॅल्शियम साबणाचे कण पाण्याला दूर लोटतात. ते या पापुद्र्यात शिरले की तिथेच तो फाटतो. थोडा साका पुष्कळ फेस मारतो. अशा पाण्यात फेस आधी फुगतो, पण गालावर चढवून दुसरी बाजू माखेपर्यंत पहिली बाजू बसलेली असते. बुडबुडे मोठे, फेस विरविरीत आणि पात्याखाली हवा तसा निसरडेपणा नाही. सुलट हात निभावतो, उलट हाताला कातडी ओरबाडते.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे साबण थोडा जास्त घेणे. ब्रश साबणावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ फिरवावा, पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. कॅल्शियमची भूक ठरलेली असते. ती भागली की पुढचा सगळा साबण फेसाला मिळतो. दुसरा उपाय त्याहून चांगला: फेसापुरते पाणी सुफेन घ्यावे. वाटीभर पावसाचे, आरओचे किंवा (दुष्फेनता तात्पुरती असेल तर) उकळून निवळलेले पाणी पुरते आणि त्यात ब्रशही भिजवता येतो. मात्र आरओ यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतून येणारे पाणी वापरू नये. गाळणीने अडवलेले क्षार त्यात उतरलेले असल्याने ते मूळ पाण्याहून दुष्फेन असते. ते फरशी पुसायला ठीक, दाढीला नाही.

लिंबाचा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो, पण तो जपून घ्यावा. वाटीभर पाण्यात लिंबू पिळले किंवा चिमूट सायट्रिक आम्ल टाकले तर आम्लामुळे साबणच फुटतो, मेदाम्ल सुटे होते आणि होता नव्हता तो फेस जातो. सोडियम सायट्रेट चालते, कारण ते कॅल्शियमला बांधून ठेवते पण आम्लधर्मी नसते. कारखान्यात बनणाऱ्या अनेक क्रीम-साबणांच्या घटकांत ईडीटीएचे लवण आढळते, त्याचे एक कामही हेच. प्रमाण अल्प असल्याने बोअरच्या पाण्यापुढे ते पुरे पडेल असे नाही. धुण्याचा सोडा पाणी सुफेन करतो खरा, पण चेहऱ्याला तो दाहक आहे.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेली खनिजे भरपूर, आणि विंधनविहिरीचे पाणी त्याच्या भेगांतून दीर्घकाळ झिरपत आलेले असते. 'या पाण्यात डाळ शिजत नाही' ही गावोगावची तक्रार आणि साबण न फेसाळणे यांचे मूळ एकच. मुंबईला तानसा, मोडकसागर, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे पाणी मिळते. ते सुफेन असते. त्यामुळे शहरात नळाच्या पाण्यावर दाढी करणारा माणूस गावी किंवा टँकरवर चालणाऱ्या नव्या वसाहतीत गेला की तोच साबण, तोच ब्रश असूनही फेस वेगळा येतो. साबण खराब निघाला असे वाटून तो टाकून देण्याआधी पाणी तपासावे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथल्या भूजलात सोडियमयुक्त क्षार खूप. मिठामुळेही साबण पाण्यातून वेगळा पडतो आणि फेस येत नाही, पण ते दुष्फेनतेमुळे नव्हे.

पूर्वी न्हावी धोकटीतल्या वाटीत पाणी घेऊन, बोटांनी गाल बराच वेळ चोळून नुसत्या पाण्यावर दाढी करत. केस मऊ करण्याचे काम मुळात पाण्याचेच आहे, आणि साबणच नसल्याने पाण्याच्या जडपणाचा प्रश्नही नव्हता. तो ब्रश आणि साबणाबरोबर आला.

धुण्याच्या टप्प्यावर आकडे उलटतात. दुष्फेनता ३०० असेल तर एका दाढीचा संपूर्ण एक ग्रॅम साबण साक्यात बदलायला अर्धा लिटर पाणी पुरते, आणि तोंड, ब्रश, वस्तरा, बेसिन धुण्यात आपण कितीतरी लिटर पाणी वापरतो. म्हणजे उरलेल्या साबणाचा साका होतो आणि त्यातला काही वाहून न जाता कुठेतरी बसतो: कानाच्या पाळीखाली, पात्यांच्या फटीत, ब्रशच्या केसांच्या मुळाशी, बेसिनच्या कडेला. धुतल्यावर हात फिरवताना त्वचा करकरीत लागते, ती स्वच्छतेची खूण समजली जाते. त्या करकरीतपणात साक्याच्या पातळ थराचाही वाटा असतो. सुफेन पाण्यात उलट, साबण धुऊनही गाल निसरडे वाटतात, आणि जड पाण्याची सवय असलेला माणूस विनाकारण पाणी ओतत राहतो.

चेहरा आधी दुष्फेन पाण्याने भसाभसा न धुता, ओल्या पंचाने फेस पुसून घ्यावा आणि मग धुवावा. साका होण्याजोगा साबणच कमी उरतो. ब्रशचेही तसेच. नळाखाली धरण्यापूर्वी फेस पिळून काढावा, जमल्यास शेवटी तो वाटीतल्या सुफेन पाण्यात विसळावा. तुरटी फिरवायची ती साबण पूर्ण निघाल्यावरच. तुरटीतले ॲल्युमिनियमही साबणाशी संयोग पावून चिकट साका करते. गढूळ पाणी तुरटीने निवळते म्हणून ते सुफेनही होत असावे हा समज चुकीचा आहे. गाळ खाली बसतो, विरघळलेले कॅल्शियम तसेच राहते.

महिनोन्‌महिने दुष्फेन पाण्यात वापरलेला ब्रश मुळाशी राठ होतो, फेस धरून ठेवतो पण सोडत नाही. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी यांत तो काही मिनिटे बुडवावा. आम्ल कॅल्शियमला विरघळवते, पण मागे मोकळे मेदाम्ल तेलकट थरासारखे उरते, म्हणून नंतर शाम्पूच्या पाण्यात धुणे आवश्यक असते. ही दुसरी पायरी गाळल्यामुळेच पुष्कळांचा ब्रश 'व्हिनेगरने काही झाले नाही' म्हणून फेकला जातो. शाम्पूत बहुधा कृत्रिम प्रक्षालक (डिटर्जंट) असतात आणि त्यांची कॅल्शियम लवणे बऱ्याच अंशी विरघळतात, त्यामुळे जड पाण्यातही ते काम करतात. वस्तऱ्याच्या दांड्यालाही हीच रीत चालते. बेसिन चिनी मातीचे असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाची साल बिनधोक घासावी. मात्र बेसिनखालचा ओटा कडप्प्याचा किंवा न्हाणीघराची जमीन शहाबादी फरशीची असेल तर आम्लाचा थेंबही पडू देऊ नये. हे दोन्ही दगड चुनखडकाचे आहेत. नळावरचा क्षार ज्या आम्लाने निघतो त्याच आम्लाने त्यांची झिलई जाते आणि पांढरे चट्टे कायमचे राहतात.