दोन पाकळ्यांची झडप

घरातली एखादी बांगडी टेबलावर ठेवा, साधारण ६ सेंटिमीटर व्यासाची. हे महाधमनीचं तोंड आहे असं धरू. साऱ्या शरीराला जाणारं रक्त हृदयाच्या डाव्या निलयातून, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यातून, याच तोंडातून बाहेर पडतं. ते मागे फिरू नये म्हणून इथे एक झडप असते आणि तिला तीन पाकळ्या असतात. झडप मिटली की तिन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध भेटतात आणि मर्सिडीज गाडीवर असते तशी आकृती दिसते. प्रत्यक्षात हे तोंड जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं असतं, पण हिशोब तोच.

आता एक दोरा घ्या. झडप मिटलेली असताना एका पाकळीची कड बांगडीच्या काठावरून मध्यापर्यंत येते आणि तिथून परत काठाकडे जाते. ३ अधिक ३, म्हणजे ६ सेंटिमीटर दोरा. झडप उघडली की याच पाकळीला बांगडीच्या एक तृतीयांश परिघाला टेकून बसायचं असतं. ती लांबी भरते ६.३ सेंटिमीटर, जवळजवळ तेवढीच! पाकळी फारशी ताणली जात नाही, तिला चुण्याही पडत नाहीत. ती भिंतीकडे सरकते आणि रक्ताला पुरती वाट मोकळी होते.

पाकळ्या दोनच असल्या तर? मिटताना प्रत्येक कड या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जाते, म्हणजे पुन्हा ६ सेंटिमीटर. उघडताना मात्र तिला अर्धा परीघ व्यापायचा असतो, आणि तो आहे ९.४ सेंटिमीटर. दोरा पुरतच नाही. म्हणून अशा झडपेच्या पाकळ्या लांब आणि सैल असतात; मिटताना त्यांना चुण्या पडतात आणि उघडल्या तरी त्या भिंतीला टेकत नाहीत. माशाच्या तोंडासारखी एक लांबट फट तेवढी उघडते. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी जे घडतं, त्यातलं बरंचसं या न पुरणाऱ्या दोऱ्यात आहे.

डॉक्टर हिला बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. जन्मतः हृदयात दोष म्हटलं की आपल्याला ‘हृदयाला भोक’ असलेलं, धाप लागणारं बाळ आठवतं. पण हृदयाच्या जन्मजात दोषांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच, शंभरात एका-दोघांना. शंभरात एक एवढंच धरलं तरी २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्रात अशी अकरा लाखांहून जास्त माणसं होतात. बायकांपेक्षा पुरुषांत तो दुपटीहून अधिक दिसतो. गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत झडप घडते, तेव्हा दोन पाकळ्या एकमेकींपासून सुट्याच होत नाहीत. पुष्कळदा त्या जोडावर शिवणीसारखी रेघही दिसते.

पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीनं शवविच्छेदन करून हृदयाची जी चित्रं काढली, त्यांत दोन पाकळ्यांची झडपही आहे. महाधमनीची काचेची प्रतिकृती करून, तिच्यातून वाहत्या पाण्यात गवताचं बी सोडून, झडपेमागे भोवरे कसे उठतात हेही त्यानं पाहिलं. हे भोवरे पाकळ्यांना अलगद मिटायला मदत करतात, हे त्याचं अनुमान विसाव्या शतकात खरं ठरलं.

हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ही झडप दीडशे कोटींहून जास्त वेळा उघडलेली-मिटलेली असते. दोन पाकळ्यांच्या झडपेत हा ताण एकसारखा वाटला जात नाही, आणि रक्ताची धारही तिरकी, जोरात सुटते. ताण पडणाऱ्या जागी इजा होते, दाह होतो आणि हळूहळू कॅल्शियम साचू लागतं. तीन पाकळ्यांच्या झडपेतही म्हातारपणी हेच होतं. इथे ते साधारण वीस वर्षं आधी होतं. निरोगी झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं. ते १ चौरस सेंटिमीटरवर आलं की आजार गंभीर समजतात. काहींची झडप अरुंद होण्याऐवजी गळू लागते.

पण माणसाला हे कळत कसं नाही? कारण हृदय सोसत राहतं. तोंड अरुंद झालं की डाव्या निलयाचा स्नायू जाड होतो, जास्त जोर लावतो आणि रक्त पुढे ढकलत राहतो. त्यामुळे वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. मग कधीतरी जिना चढताना दम लागतो, छातीत आवळल्यासारखं होतं किंवा चालता चालता चक्कर येऊन माणूस पडतो. ‘वय झालं’, ‘वजन वाढलंय’, ‘ॲसिडिटी असेल’ असं म्हणून दिवस ढकलले जातात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. रॉस आणि ब्राउनवाल्ड या डॉक्टरांनी १९६८ साली मांडलेला हिशोब आजही शिकवला जातो. झडप बदलली नाही तर, छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडू लागल्यापासून तीन आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून दोनच वर्षं हाती असतात.

स्टेथोस्कोपनं हा दोष अनेकदा आधीच ऐकू येतो. छातीत मर्मर, म्हणजे घरघरीसारखा जादा आवाज, आहे असं कुणी सांगितलं असेल तर टूडी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी पडद्यावर हृदय दाखवणारी तपासणी, करून घ्यायलाच हवा. आपल्याकडे ‘व्हॉल्व्ह खराब आहे’ म्हटलं की लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाकडे, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या सांधे-हृदयाच्या तापाकडे, बोट जातं. ते रास्तही आहे, त्या तापानं आपल्याकडे पुष्कळ झडपा बिघडल्या. पण तो आजार बहुतेकदा मायट्रल झडपेला, म्हणजे डाव्या निलयात रक्त आत सोडणाऱ्या झडपेला, धरतो. मायट्रल ठणठणीत आणि एकटी महाधमनीची झडप बिघडलेली असेल, तर आधी पाकळ्या मोजाव्यात.

दोष झडपेशी थांबत नाही. अनेकांची महाधमनीही सुरुवातीच्या भागात कमकुवत असते आणि फुगत जाते. तिचा व्यास साडेपाच सेंटिमीटरवर गेला की, आणि काही रुग्णांत त्याआधीही, शस्त्रक्रिया सुचवतात. कारण भिंत अचानक फाटली तर वाचवायला तासच हाती असतात. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ आली तर घरी थांबू नये.

कॅल्शियम साचणं थांबवणारं औषध अजून नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांचाही इथे उपयोग झाला नाही. उपाय म्हणजे झडप दुरुस्त करणं किंवा बदलणं. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, तरी पालक-मेथी सोडायची गरज नसते. आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खावी. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला बहुधा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं घडलेली भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा बसवली गेली. परदेशी झडपेची किंमत न झेपणाऱ्या कितीतरी घरांना तिनं माणूस परत दिलं.

अर्नोल्ड श्वार्झनेगरही हाच दोष घेऊन जन्माला आला. पहिली शस्त्रक्रिया १९९७ साली, मग २०१८ आणि २०२० मध्ये पुन्हा झडपा बदलल्या. एवढ्या कमावलेल्या शरीरालाही हा दोष चुकला नव्हता, आणि शस्त्रक्रियांनंतरही तो कामावर परतला.

छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन झडप बसवण्याचा पहिला प्रयोग आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात केला. मरणाच्या दारात असलेल्या त्या ५७ वर्षांच्या रुग्णाची झडप दोन पाकळ्यांचीच होती. पुढे मोठ्या चाचण्यांमधून मात्र अशा रुग्णांना वगळलं गेलं, कारण लांबट तोंडात गोल झडप नीट बसेल का, ही शंका होती. आता निवडक रुग्णांत तीही बसवतात.

घरात एखाद्याला हा दोष सापडला तर त्याच्या आईवडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचाही इको करावा. अशा सख्ख्या नातेवाइकांत दहापैकी सुमारे एकाला तो असतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. डाव्या कुशीवर झोपायचं, अर्ध्या तासात तपासणी संपते, आणि पडद्यावर पाकळ्या मोजता येतात.