नवरी किंवा नवरा व्हीलचेअरवर असेल तर : हॉलला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. आम्ही नाशिकचे छोटे मंडप-डेकोरेशनवाले, तीन भाऊ-बहीण आणि कामाची आठ-दहा पोरं. गेली काही वर्षं आम्ही एक काम जरा जास्त मन लावून करतो, ते म्हणजे ज्या लग्नात नवरी, नवरा किंवा घरातलं जवळचं माणूस व्हीलचेअरवर आहे त्या लग्नाची मांडणी. लोक फोन करतात आणि सगळे तेच तेच विचारतात, म्हणून हे पत्रक छापलंय. आमच्याकडे काम द्या नाहीतर देऊ नका, पण हे वाचून मगच हॉल बघायला जा.

आधी एक वाक्य सांगतो जे आम्ही हजार वेळा ऐकलंय. "अहो त्यात काय, चार पोरं आहेत, आपण उचलू की." हॉलचा मॅनेजर म्हणतो, मामा म्हणतात, कधीकधी आमचीच पोरं म्हणतात. आणि ज्या ताईचं लग्न आहे ती गप्प बसलेली असते, कारण तिला नको म्हणायचंय पण लग्नाच्या बोलणीत कुठे वाद घालायचा. तर बाबांनो, नऊवारी नेसलेल्या, दागिने घातलेल्या मुलीला चारचौघांसमोर खुर्चीसकट उचलणं ही सोय नाही होत. शिवाय धोका आहेच, खुर्चीच्या पायटेकणीला किंवा चाकाला धरून उचललं की तो पार्ट सुटून हातात येतो. साधी लोखंडी व्हीलचेअरच १५-२० किलोची असते, बॅटरीवरची तर त्याच्या कितीतरी पट, त्यात माणूस बसलेला. हां, तिला स्वतःला उचलून न्यायला चालत असेल, मामाने बोहल्यावर आणायची हौस असेल, तर आनंदाने करा. पण ते तिने सांगायचं, आपण ठरवायचं नाही.

उताराचं गणित

हे एकच गणित लक्षात ठेवा, एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. एक सहा इंची पायरी असेल तर सहा फूट. आता आपल्याकडे गंगापूर रोडला म्हणा, दिंडोरी रोडला म्हणा, लॉन्सवर स्टेज किती उंच असतं बघा, अडीच-तीन फूट सहज. तीन फुटाला ३६ फूट रॅम्प झाला! एवढी जागा सरळ रेषेत कुठेच मिळत नाही, मग मध्ये सपाट जागा सोडून वळवून घ्यावा लागतो, आणि ती वळणाची जागा निदान पाच फूट बाय पाच फूट लागते, नाहीतर खुर्ची फिरतच नाही.

आमची स्वतःची चूक सांगतो. अगदी सुरुवातीच्या एका कामात अडीच फुटाच्या स्टेजला आम्ही आठ फुटाचा रॅम्प लावला, वरून लाल गालिचा, बाजूला झेंडूच्या माळा, दिसायला एकदम झक्कास. नवरदेव खुर्चीवर होता, स्वतः ढकलत चढायला लागला आणि अर्ध्यात पुढची छोटी चाकं वर उचलली गेली, खुर्ची मागे पडायला लागली. त्याच्या भावाने मागून धरलं म्हणून वाचला. तो हसला, आम्ही नाही हसलो. त्या दिवसापासून आम्ही टेप घेतल्याशिवाय कुठे जात नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला हाच की रॅम्प वाढवत बसण्यापेक्षा स्टेज खाली आणा. सहा इंच किंवा एक फुटाचं स्टेज करा, मागचा पडदा उंच करा, वर लाइट चांगला मारा, पाहुण्यांना सगळं दिसतं. फोटोग्राफर जरा कुरकुर करतात, करू द्या.

रॅम्पची रुंदी चार फूट ठेवतो आम्ही, दोन्ही कडांना तीन-चार इंचाची पट्टी म्हणजे चाक बाहेर जात नाही, आणि वर काथ्याची मॅट किंवा खरखरीत मॅटिंग, चारही बाजूंनी ठोकून. फ्लेक्स अंथरायचा नाही, गुळगुळीत असतो. जाड मऊ गालिचा पण नको, चाक रुततं आणि सुरकुती पडली की पुढचं छोटं चाक तिथेच अडकून माणूस तोंडावर येतो. लॉनवर तर गवत रात्री दवाने ओलं होतं, म्हणून गेटपासून स्टेज, जेवण आणि टॉयलेट असा सलग प्लायवूडचा रस्ता टाकून घ्यायचा. डीजे आणि व्हिडिओवाल्यांच्या केबल त्या रस्त्यावरून आडव्या न्यायच्या नाहीत, हे त्यांना आदल्या दिवशी सांगायचं आणि लग्नाच्या सकाळी परत एकदा सांगायचं, कारण ऐकत नाहीत.

हॉल बघताना

मॅनेजरला "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच, कारण ऑफिसच्या कोपऱ्यात एक धूळ खात पडलेली खुर्ची असते, त्याला तीच सोय वाटते. त्याऐवजी टेप घेऊन जा आणि जिचं लग्न आहे तिला सोबत न्या, तिच्या रोजच्या खुर्चीसकट. तिने स्वतः गेटपासून आतपर्यंत एक फेरी मारली की दहा मिनिटांत कळतं.

सगळ्यात आधी टॉयलेट बघा. स्टेज आम्ही बदलू शकतो, टॉयलेट एका रात्रीत बदलता येत नाही. दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन फूट हवी असं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी दोन-सव्वादोन फुटाचं दार, आत पायरी, आणि भारतीय पद्धतीचं भांडं. सकाळी हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत बारा-चौदा तास होतात. कित्येक मुली त्या दिवशी पाणीच पीत नाहीत, टॉयलेटला जावं लागू नये म्हणून. हे आम्हाला एका ताईने सांगितलं तेव्हा आम्हाला लाज वाटली, कारण आम्ही तोपर्यंत फुलांचे रंग विचारत होतो. हॉलचं टॉयलेट अगदीच जमत नसेल तर जवळच्या हॉटेलात सोयीची एक खोली दिवसभरासाठी घ्या, किंवा वधूकक्षात पडदा लावून कमोड चेअरची (खाली भांडं असलेल्या खुर्चीची) व्यवस्था करू, लाजण्यासारखं काही नाही त्यात.

मग वधूकक्ष. तो हमखास पहिल्या मजल्यावर असतो, का ते देवाला ठाऊक. लिफ्ट असली तरी खुर्ची आत मावते का ते घालून बघा, आणि लाइट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का ते विचारा, बहुतेक वेळा जनरेटर फक्त हॉलच्या लाइटला असतो. तळमजल्यावरचं एखादं ऑफिस किंवा स्टोअर रिकामं करून द्यायला सांगा, देतात.

कायदा पण माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क हा २०१६ चा कायदा आहे, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नाही तर लोक जिथे येतात-जातात अशी खासगी इमारतसुद्धा धरलीय. त्यामुळे मंगल कार्यालयवाल्याकडे रॅम्प मागताना उपकार मागतोय असं वाटून घ्यायचं नाही. भांडायला नका जाऊ, मुहूर्त जवळ असतो, पण शांतपणे एकदा सांगितलं की मॅनेजरचा सूर बदलतो.

विधी

गुरुजींना महिनाभर आधी भेटा. आमचा अनुभव असा की गुरुजी लवकर तयार होतात, काकवा-मावश्यांना वेळ लागतो.

अंतरपाट उभ्या माणसाच्या उंचीने धरतात, मग बसलेल्या नवरीला फक्त कापडाची किनार आणि नवऱ्याचे पाय दिसतात. नवऱ्याला पण तिच्या खुर्चीच्या उंचीच्या स्टुलावर बसवा आणि अंतरपाट खाली धरा, दोघांची नजर एका रेषेत येते, फोटो पण सुंदर येतो. हार घालताना मित्र नवऱ्याला खांद्यावर उचलतात तो प्रकार त्या दिवशी बंद, हे मित्रांना कडक शब्दांत सांगा.

अक्षता! हे कुणाच्या लक्षात येत नाही. गुळगुळीत फरशीवर दोनशे लोकांनी टाकलेले तांदूळ पडले की चाकं सरकतात, आणि काही दाणे पुढच्या छोट्या चाकाच्या फटीत जाऊन बसतात, मग खुर्ची एका बाजूला ओढायला लागते. पाहुण्यांना फुलांच्या पाकळ्या द्या, घरच्या चार जणांच्या हातात अक्षता. आणि मंगलाष्टका संपल्या की आमचा एक पोरगा झाडू घेऊन उभाच असतो.

होमाला कुंड जमिनीवर असतं, खुर्चीवरून लाह्या घालायला वाकणं अवघड. आम्ही विटांवर फूटभर उंच करतो, त्याहून जास्त नाही, कारण मग ज्वाळ तोंडासमोर येते. पळी लांब दांड्याची घेतो, खुर्ची जरा तिरकी लावतो आणि पदर-शेला पिनांनी बांधून टाकतो. ज्यांना मणक्याच्या दुखापतीमुळे पायाला संवेदना नाही त्यांना चटका बसलेला कळत नाही, म्हणून पायाकडे लक्ष ठेवायला एक करवली ठरवून ठेवा.

सप्तपदीचं सगळ्यांना टेन्शन असतं. तांदळाच्या सात राशी आणि प्रत्येकीवर नवरीचं पाऊल, मग खुर्चीवरून कसं? एका लग्नात गुरुजींनीच मार्ग काढला, लांब बाकावर सात राशी मांडल्या, ताई एकेक राशीपाशी खुर्ची नेत गेली आणि उजव्या हाताने सुपारी सरकवत गेली, नवरा शेजारी चालत होता. मागून ढकलत नव्हता बरं का, तिने आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या एका घरी पाय हाताने उचलून राशीवर टेकवला, त्यांना तसं हवं होतं. घरात माप ओलांडताना पण तेच, उंबऱ्याला छोटा फोल्डिंग रॅम्प आम्ही देतो, आणि माप खुर्चीच्या पायटेकणीने पाडा की हाताने, तांदूळ घरातच पडणार आहेत.

नवरा व्हीलचेअरवर असेल तर मेव्हण्यांना एक सूचना, बूट लपवा, खुर्ची लपवू नका. हसू नका, झालंय असं.

मेहंदी, चुडा, साडी

जी मुलगी स्वतः खुर्ची ढकलते तिचे हात म्हणजेच तिचे पाय. मेहंदी ओली असेपर्यंत ती जागची हलू शकत नाही, म्हणून मेहंदीच्या आधी टॉयलेट, पाणी, जेवण सगळं उरकून घ्या आणि जवळ एक भरवशाची मैत्रीण ठेवा. हळदीत तेल असतं, हात चाकाच्या रिंगवरून घसरतो, रॅम्पवर जायच्या आधी हात पुसा, आणि सीटच्या गादीवर प्लास्टिक घाला नाहीतर ती पिवळी राहते कायमची. हिरवा चुडा चाकाला लागून फुटतो, काच हाताला लागते. एक तर तेवढ्या वेळापुरतं कुणीतरी ढकलायचं किंवा बांगड्या कमी आणि घट्ट बसणाऱ्या.

साडी शिवलेली नऊवारी बरी, काष्ट्याचा गोळा बसायच्या जागेखाली येणार नाही असं टेलरला सांगा, जरीचा जाड काठ आणि पिना पण त्या जागी नकोत. संवेदना नसेल तर तासन्‌तास दाब पडून जखम होते आणि ती भरायला महिने जातात. म्हणून मुहूर्ताच्या वेळापत्रकात मध्ये मध्ये दहा-पंधरा मिनिटं रिकामी ठेवा, खोलीत जाऊन आडवं व्हायला. रिसेप्शनला दोन तास सलग सोफ्यावर बसवायचं तर तिची रोजची गादी त्या सोफ्यावर ठेवा. आणि सोफ्यावर बसली की खुर्ची "फोटोत दिसते" म्हणून लांब नेऊन लावतात, तो प्रकार आमच्या पोरांनी एकदा केला होता. आता नियम आहे, खुर्ची हाताच्या अंतरावर, ब्रेक लावून.

सीझन पण बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री लॉनवर हाडं गोठतात आणि मे महिन्यात दुपारी खुर्चीच्या लोखंडाला हात लावता येत नाही.

रजिस्टर लग्न करणार असाल तर

२०२३ मध्ये मुंबईत एका व्हीलचेअरवरच्या नवरीला रजिस्टर लग्नासाठी लिफ्ट नसलेल्या ऑफिसात वर उचलून न्यावं लागलं होतं, पेपरात आलं होतं सगळीकडे. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे आणि त्याच्या १२ व्या कलमात आहे की लग्न विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात किंवा तिथून वाजवी अंतरावर दोघांना हव्या त्या ठिकाणी, जादा फी भरून लावता येतं. हे नोटीस देतानाच लेखी मागा. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात, त्यामुळे वेळ हातात ठेवा.

दिव्यांग व्यक्तीच्या लग्नाला राज्य सरकारची प्रोत्साहन योजना पण आहे, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि लग्नाची नोंदणी तयार ठेवून जिल्हा परिषदेत चौकशी करा, अटी आणि रक्कम तिथेच कळेल.

लग्नानंतर देवदर्शनाला वणीला सप्तशृंगीच्या गडावर जाणार असाल तर तिथे ट्रॉली आहे, पण मधल्या पायऱ्यांचं आधी फोन करून विचारून घ्या.

आम्हाला फोन करताना

नंबर मागच्या पानावर आहे. चार गोष्टी हाताशी ठेवा, खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी, हाताची की बॅटरीची, बसल्यावर गुडघ्याची जमिनीपासून उंची (जेवणाचं टेबल त्यावरून ठरतं), आणि हॉल ठरला असेल तर स्टेजचा व टॉयलेटच्या दाराचा मोबाइलवर काढलेला फोटो. शहरात जागा बघायला यायचे आम्ही पैसे घेत नाही. शक्यतो फोन जिचं किंवा ज्याचं लग्न आहे त्यांनीच करा, आईबाबांशी हिशेबाचं नंतर बोलूच.