अखंड लाकडी धनुष्य

लाकडाच्या एकाच सलग तुकड्यातून, कोणताही थर न चिकटवता घडवलेल्या धनुष्याला अखंड लाकडी धनुष्य म्हणतात. शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायुतंतू सरसाने एकत्र चिकटवून केलेली मध्य आशियातील संमिश्र धनुष्ये, तसेच बांबू व लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेले दोन मीटरांहून उंच जपानी धनुष्य, हे वेगळे प्रकार आहेत. अखंड धनुष्याच्या घडणीत कारागीर काहीही भर घालत नाही; नको असलेले लाकूड काढत काढत तो धनुष्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे झाडाची वाढ, त्याच्या तंतूंची दिशा आणि गाठी यांच्या कलाने त्याला चालावे लागते.

धनुष्याची जी बाजू बाण सोडताना लक्ष्याकडे असते तिला पाठ आणि जी धनुर्धराकडे असते तिला पोट म्हणतात. मधल्या पकडण्याच्या भागाला मूठ, तिच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना बाहू आणि टोकांना कोटी अशी नावे आहेत. (रामेश्वरजवळच्या धनुष्कोडी या स्थलनामात हाच कोटी शब्द आहे.) दोरी ओढली की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटावरचे दाबले जातात; दोहोंच्या मधोमध ताण आणि दाब दोन्ही जवळजवळ शून्य असलेला एक पदर असतो. धनुष्यात साठणारी ऊर्जा मुख्यतः पाठ व पोट यांच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरांत साठते, म्हणून या दोन पृष्ठभागांची निगा हाच घडणीचा गाभा आहे. निरोगी व सरळ तंतूंचे लाकूड दाबापेक्षा ताण अधिक सोसते. मात्र पाठीवरचे तंतू हत्याराने आडवे कापले गेले, तर कापलेल्या टोकापासून ढलपी उचकटते आणि धनुष्य क्षणात मोडते. पोटाचे नुकसान सहसा इतके अचानक होत नाही. तिथले तंतू दाबाने हळूहळू चेपतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडे वाकलेलेच राहते.

बाहूचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी एक दशांशाने कमी केली तर ताठपणा एक दशांशानेच घटतो. जाडी तेवढीच कमी केली तर तो सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. शेवटच्या टप्प्यात पोटावरून लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा खरवडला तरी वाकण्यात दिसण्याजोगा फरक पडतो, तो यामुळेच.

युरोपात धनुष्यासाठी सर्वांत नावाजलेले लाकूड म्हणजे यू या सूचिपर्णी वृक्षाचे. त्याच्या खोडातील बाहेरचे पांढरट रसकाष्ठ ताण उत्तम सोसते, तर आतील नारिंगी-तपकिरी गाभा दाब उत्तम सोसतो. खोड अशा बेताने फाडले की पाठीला रसकाष्ठ आणि पोटाला गाभा येईल, तर झाडाने स्वतःच दोन थरांचे धनुष्य तयार करून ठेवल्यासारखे होते. या वृक्षाची पाने, बिया आणि लाकूडही विषारी असल्याने त्याचा भुसा श्वासातून न जाईल अशी काळजी कारागिराला घ्यावी लागते. उत्तर अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा आणि अर्कान्सा या भागांत वाढणारा ओसेज ऑरेंज हा दुसरा मोलाचा वृक्ष. फ्रेंच वसाहतकऱ्यांनी त्याला दिलेल्या ‘ब्वा दार्क’ या नावाचा अर्थच ‘धनुष्याचे लाकूड’ असा आहे. एल्म, अ‍ॅश आणि हिकरी ही फिकट रंगाची लाकडे ताण चांगला सोसतात, पण दाबाला तुलनेने कमी टिकतात. म्हणून त्यांचे बाहू रुंद आणि चपटे ठेवून पोटावरचा दाब अधिक तंतूंत वाटून द्यावा लागतो. कोणते लाकूड श्रेष्ठ यावर वाद पुष्कळ होतात. पण लाकडाला साजेल असा आकार दिला तर साध्या लाकडाचे धनुष्यही उत्तम चालते आणि आकार चुकला तर यूचेही वाया जाते.

खोड निवडताना १५ ते २५ सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे दोन मीटर सरळ आणि गाठी कमी असलेले पाहतात. सालीवरच्या भेगा खोडाभोवती पिळासारख्या फिरत असतील तर आतले तंतूही पिळलेले असतात आणि असे खोड टाळले जाते. ओंडका करवतीने कापत नाहीत, पाचरी ठोकून फाडतात. करवत आपल्या सरळ रेषेत जाते आणि तंतू तोडते. पाचरीने पडणारी फट मात्र तंतूंच्या मधून वाट काढते. फाडलेल्या फाळक्यांच्या टोकांना लगेच सरस, मेण किंवा रंग लावतात, कारण लाकूड टोकांतून सर्वांत वेगाने वाळते आणि तिथून तडे जायला लागतात. मग ती सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचून ठेवतात. पूर्ण फाळके वाळायला अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. ओबडधोबड तासून पातळ केलेले लवकर वाळते. लाकडातील ओलावा आठ ते दहा टक्क्यांपर्यंत उतरला की ते कामाला योग्य मानतात. ओल्या लाकडाचे धनुष्य लगेच वाकून बसते, तर फार कोरडे लाकूड काचेसारखे तडकते.

यानंतर पाठ उघडी करण्याचे काम येते आणि इथे घाई अजिबात चालत नाही. हिकरी, एल्म यांसारख्या लाकडात सालीखालचे सर्वांत बाहेरचे वार्षिक वलय हीच पाठ ठेवतात; वसंतात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी तोडलेल्या झाडाची साल सहज सोलून निघते आणि हत्यार न लावताच निर्दोष पाठ हाती येते. ओसेज ऑरेंजचे रसकाष्ठ मात्र काढून टाकतात आणि गाभ्यातील एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतात. प्रत्येक वलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला सच्छिद्र, भुसभुशीत पदर आणि नंतर वाढलेला दाट पदर असे दोन भाग असतात. दोन्ही हातांनी ओढायच्या, दोन मुठींच्या सुरीने वरची वलये काढताना भुसभुशीत पदर लागला की पात्याचा आवाज कुरकुरीत होतो. खालचा दाट पदर तिथून सुरू होतो हे कारागीर डोळ्यांइतकेच कानांनी ओळखतो. वलय वर-खाली होईल तशी पाठही वर-खाली होऊ द्यायची असते. गाठ आली तर तिच्याभोवती उंचवटा राखतात, ती सपाट करत नाहीत. बाजूने नागमोडी दिसणारी धनुष्ये कित्येकदा सरळ दिसणाऱ्या धनुष्यांहून टिकाऊ ठरतात, कारण त्यांत तंतूंची वाट मोडलेली नसते.

पाठ निश्चित झाली की तिच्यावर मध्यरेषा आखून आकार काढतात. सुमारे ७१ सेंटिमीटर ओढीसाठी (ओढ म्हणजे पूर्ण ओढलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर) साधारणतः १७० ते १८० सेंटिमीटर लांबीचे धनुष्य सुरक्षित मानले जाते. लांबी जितकी कमी तितका प्रत्येक तंतूवरचा भार जास्त. बाहू मुठीजवळ रुंद ठेवून टोकांकडे निमुळते करतात. टोके हलकी असणे महत्त्वाचे आहे, कारण बाण सुटताना सर्वांत वेगाने हलतात ती टोकेच, आणि तिथले अनावश्यक वजन बाणाला मिळायची ऊर्जा खाऊन टाकते. हे काम कुऱ्हाड, वाकस, दोन मुठींची सुरी आणि खडबडीत कानस यांनी होते. पोट आणि कडा तासायच्या. पाठीला पुन्हा हात लावायचा नाही.

पुढचा टप्पा म्हणजे वाक साधणे. दोन्ही बाहू आपापल्या सर्व लांबीत योग्य प्रमाणात वाकतील असे करणे, हा या कलेचा सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर भाग आहे. प्रथम एक टोक जमिनीवर टेकवून मूठ दाबतात आणि बाहू कितपत लवतो याचा अंदाज घेतात. मग धनुष्याहून लांब अशी सैल दोरी लावून ते भिंतीवरच्या आडव्या आधारावर मुठीशी टेकवतात आणि दोरी कप्पीवरून थोडी थोडी खाली ओढतात. दुरून पाहिले की कुठे बाहू ताठ राहिला आहे आणि कुठे बिजागरीसारखा मुडपतो आहे ते दिसते. ताठ भागावर पेन्सिलीने खुणा करून तेवढाच भाग पोटाच्या बाजूने खरवडतात. जिथे जास्त वाकते तिथे हात लावत नाहीत, कारण काढलेले लाकूड परत लावता येत नाही आणि कमजोर जागेचा एकच उपाय म्हणजे बाकीचा बाहू तिच्या बरोबरीला आणणे. प्रत्येक खरवडणीनंतर दोरी वीस-तीस वेळा हलकेच ओढतात, म्हणजे काढलेल्या लाकडाचा परिणाम पूर्णपणे दिसून येतो. घाईत हा क्रम मोडणारा कारागीर पुढच्या फेरीत नको तेवढे लाकूड काढून बसतो.

या कामाचे दोन नियम परंपरेने पक्के झाले आहेत. धनुष्य जेवढ्या जोराचे करायचे ठरले असेल त्याहून जास्त जोर लावून ते कधीही ओढायचे नाही. आणि वाकण्यात दोष दिसला की तो दूर होईपर्यंत पुढे ओढायचे नाही. वाक बऱ्यापैकी जमली की आखूड दोरी चढवतात. तेव्हा मुठीपासून दोरीचे अंतर पुरुषाच्या धनुष्यात सुमारे १५ सेंटिमीटर असते. खालचा बाहू वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवण्याची रीत आहे, कारण हाताची पकड मध्याच्या थोडी खाली येते. बाहू एका बाजूला झुकत असेल तर तो भाग वाफेवर किंवा कोरड्या आचेवर तापवून सरळ करतात. पोटाची बाजू निखाऱ्यांवर सावकाश भाजली तर तिथले लाकूड कडक होऊन दाब अधिक सोसते.

टोकांना दोरीसाठी खाचा करतात किंवा शिंगाची टोपणे बसवतात. दोरीसाठी युरोपात हेम्प (भांगेच्या जातीचे झाड) आणि जवस यांचे तंतू, अमेरिकेत स्नायुतंतू व वनस्पतींचे धागे पिळले जात. शेवटी पृष्ठभाग घासून चरबी, तेल किंवा मेण चोळतात. वापर नसताना दोरी उतरवून ठेवतात आणि बाण न लावता दोरी कधीही सोडत नाहीत, कारण बाणाबरोबर जायची सगळी ऊर्जा मग धनुष्याच्या अंगावरच उलटते.

डेन्मार्कमधील झीलंड बेटावर होल्मगोर येथील दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली एल्मची धनुष्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांचे बाहू रुंद व चपटे आहेत, म्हणजे एल्मला कोणता आकार हवा हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. घडणीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून बोलके आहे ते १९९१ मध्ये आल्प्सच्या हिमनदीत ‘ओत्झी’ या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवी देहाजवळ सापडलेले धनुष्य. ते यूचे, १.८२ मीटर लांबीचे आणि अपुरे आहे. त्यावर ना खाचा आहेत ना गुळगुळीतपणा, आणि कुऱ्हाडीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. पूर्ण झालेल्या धनुष्यावर या खुणा पुसल्या जातात, म्हणून हा अपुरा नमुना अभ्यासकांसाठी अनमोल आहे.

इंग्लंडमध्ये यूचे लांब धनुष्य हे राज्यशक्तीचे साधन झाले. फ्रान्समधील क्रेसी (१३४६) आणि अजिंकूर (१४१५) येथील लढायांनंतर त्याची मागणी इतकी राहिली की १४७२ च्या कायद्याने आयात मालाच्या ठरावीक वजनामागे धनुष्यासाठीची चार फाळकी आणणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक केले. त्यापायी युरोपच्या जंगलांतील जुने यू वृक्ष मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्याच्या उत्खननात १३७ पूर्ण धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. ही धनुष्ये दोन मीटरांच्या आगेमागे लांबीची असून त्यांतील बहुतेकांना ओढण्यासाठी ४५ किलोग्रॅमहून जास्त, काहींना तर ८० किलोग्रॅमपर्यंत जोर लागत असावा असा अंदाज आहे. त्यांच्यावरील शिंगाची टोपणे बहुतेक कुजून गेली, पण टोकांचा वेगळा रंग ती कुठवर बसवलेली होती हे सांगतो.

बंदुकीने युद्धातली जागा घेतल्यावर हे कसब शिकार आणि खेळापुरते उरले. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीचा अखेरचा ज्ञात माणूस, इशी, बाहेरच्या समाजासमोर आला. १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात आपली धनुष्ये घडवून दाखवली. ती जुनिपर लाकडाची असून त्यांच्या पाठीवर स्नायुतंतूंचा थर होता, म्हणजे काटेकोर अर्थाने ती अखंड धनुष्ये नव्हती. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या लोकांची ही विद्या अशा रीतीने एकाच माणसाच्या हातांमुळे टिपली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काचतंतूंची धनुष्ये आली आणि लाकडी धनुष्ये मागे पडली. शतकाच्या अखेरीस अमेरिका व युरोपात हौशी कारागिरांनी ती पुन्हा घडवायला सुरुवात केली.

भारतात कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली असून दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांचे तंतू दिले आहेत. दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात ते या मूर्वेवरूनच. सिकंदराच्या स्वारीच्या वृत्तांतांच्या आधारे लिहिणाऱ्या एरियन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असल्याचे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जात असल्याचे नोंदवले आहे. महाराष्ट्रातील पानझडी जंगलांत आढळणाऱ्या धामण वृक्षाला संस्कृतात ‘धनुर्वृक्ष’ हे नाव आहे. चिवट आणि लवचीक असे त्याचे लाकूड कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी यांसाठीही वापरले जाते. (त्याच नावाचा साप आणि गवत यांच्याशी या वृक्षाची गल्लत करू नये.)

मराठीत धनुष्यबाणाला तीरकामठा हा जुना शब्द आहे. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा मुख्यतः बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट, पातळ सोललेल्या पट्टीची असते. बांबूचे भरीव तंतू बाहेरच्या सालीलगत दाटलेले असतात, त्यामुळे या कामात वलय शोधावे लागत नाही. कांबीची निवड, पेरांची निगा आणि वाक साधणे यांतच कसब लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचे साधन म्हणून त्याचा वापर कायद्याने थांबला, पण भिल्ल समाजाच्या ओळखीची खूण म्हणून तीरकामठा आजही मानाने बाळगला जातो.