ओरिजिनल कॅमॅरो कापायची की नाही: घरच्या गॅरेजातल्या मसल कारमागचा इतिहास

शेवरलेची १९६९ची कॅमॅरो, म्हणजे मोठ्या इंजिनाची, ताकदीसाठी घेतली जाणारी अमेरिकन मसल कार, घरच्या गॅरेजात उभी करून कोणी तिच्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला ग्राइंडर लावला की अमेरिकेत आजही दोन तट पडतात. एक म्हणतो वाट लावली, असली गाडी परत होणे नाही. दुसरा म्हणतो गाडी माझी, पत्रा माझा, तुमचं काय जातंय. आणि दोघंही मनात धरून चालतात की आधी सगळ्या गाड्या जपलेल्या होत्या, मग ही कापाकापीची फॅशन आली. झालंय नेमकं उलट. कापाकापी आधीची, जपणूक नंतरची, आणि तीसुद्धा बरीच नंतरची.

युद्धाआधीचं फार सांगत बसत नाही. १९३२ला फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन दिलं, आकार २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या गाड्यांचे मडगार्ड काढून, टप कापून खाली आणून मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर त्या पळवल्या. महायुद्धातून परत आलेल्या कितीतरी जणांच्या हातात वेल्डिंग, लेथ, इंजिनकाम आलेलं होतं. १९५५ला शेवरलेचं छोटं व्ही-८ आलं, हलकं आणि स्वस्त, मग मिळेल त्या गाडीत ते बसवायचं हे घरचंच काम होऊन बसलं.

१९६४ची पाँटिॲक जीटीओ सगळ्यांना माहीत आहे, फक्त एवढं लक्षात घ्या की तीही एक प्रकारची अदलाबदलच होती. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचाच्या वर इंजिन टाकायचं नाही असा पाँटिॲकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. पाँटिॲकमधल्या लोकांनी मोठ्या गाडीचं ३८९चं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून नाही तर ऑप्शन म्हणून दिलं, कारण ऑप्शनला वरची मंजुरी लागत नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. कॅलिफोर्नियातली पोरं गॅरेजात जे करत होती तेच कारखान्याच्या लायनीवर झालं, वॉरंटीसकट.

आणि घेणाऱ्यांनीही त्या गाड्या देवघरात ठेवल्या नाहीत. शुक्रवारी गाडी घरी, शनिवारी कारखान्याचा धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर, म्हणजे मोकळे एक्झॉस्ट पाइप, बारीक चाकं काढून क्रोमची रुंद चाकं, मागचा ॲक्सल पिळू नये म्हणून ट्रॅक्शन बार. काढलेलं सामान कोपऱ्यात, मग भंगारात. ड्रॅग स्ट्रिपवर इंजिन फुटलं की डीलरकडून वॉरंटीत नवा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग. आज ज्या मूळ इंजिनासाठी लोक जीव टाकतात त्यातली बरीच अशीच गाडी दोन-तीन वर्षांची व्हायच्या आत गेली.

मग १९७१. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं, १९७२पासून पॉवर मोजायची पद्धतच बदलली. आधी इंजिन उघडं, स्टँडवर, पंखा-फिल्टर-सायलेन्सर काही न लावता मोजत, आता सगळं लावून. शेवरलेच्या कॉर्व्हेटमधल्या एलटी-१ इंजिनाचे हॉर्सपॉवरचे आकडे बघा: १९७०ला ३७०, १९७१ला ३३०, १९७२ला २५५. यातली मोठी घट कागदावरची आहे, कारण १९७१चंच इंजिन नव्या पद्धतीने २७५ भरत होतं, पण लोकांनी एवढा हिशेब कुठे केला. विम्याचे हप्ते तरुणांना परवडेनासे झालेच होते, १९७३ला तेल महागलं आणि मसल कार संपली.

खरी गोष्ट इथून सुरू होते असं माझं मत. नवी गाडी मेलेली, जुनी गाडी मातीमोल. बर्फाच्या राज्यांत रस्त्यावरच्या मिठाने कुजलेल्या, भोकांत लांबी (पुटी) भरभरून रंगवलेल्या कॅमॅरो, शेव्हेल, चॅलेंजर कॉलेजच्या पोराला पार्टटाइमच्या पैशात मिळायच्या. त्यांना मूळ रूप वगैरे कसलं आलंय. घरी हे काम करणारी पिढी घडली ती त्या स्वस्ताईत.

१९७०च्या दशकाच्या शेवटी-शेवटी त्यातून प्रो स्ट्रीट निघालं, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या गाडीचा मागचा भाग रस्त्यावरच्या गाडीत. मागची चासी कापून आत घ्यायची, चाकाच्या जागी पत्र्याचे मोठे टब बांधायचे, फोर्डचा नऊ इंची ॲक्सल दोन्हीकडून कापून आखूड करायचा आणि रुंद फुगीर टायर पूर्ण आत घ्यायचे. मागची सीट गेली. त्याच सुमारास घरच्या ११० व्होल्टवर चालणारी छोटी मिग वेल्डिंग मशीन (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने जोडणारी) आवाक्यात आली, आणि हा बदल कुठल्याही कार्ब्युरेटरपेक्षा मोठा होता हे कोणी फारसं सांगत नाही. गॅस वेल्डिंगने जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा जोडायचा म्हणजे तो उष्णतेने पापडासारखा वाकडा व्हायचा, मिगने टाका-टाका मारत, मध्ये गार होऊ देत गेलं की शिकाऊ माणूससुद्धा सरळ पॅनल बसवू शकला. प्रो स्ट्रीट दिसायला भारी, पण शेवटी शेवटी त्यातल्या बऱ्याच गाड्या शोला ट्रेलरवर चढवून नेत होते, नावात स्ट्रीट आणि रस्त्याला चाक लागत नाही.

आता तो नंबरांचा गुंता. मॅचिंग नंबर म्हणजे इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळणं, एवढं ऐकून सोपं वाटतं. पण काय जुळणं? शेवरलेच्या ब्लॉकवर ढोबळ मानाने तीन वेगळ्या गोष्टी असतात: ओतकामाचा नंबर आणि तारीख, इंजिन जुळवल्याची तारीख आणि ते कुठल्या गाडीसाठी त्याचा कोड, आणि १९६८च्या सुमारापासून सरसकट गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे. विकणारा कधी फक्त पहिली गोष्ट जुळते म्हणून मॅचिंग म्हणतो, म्हणजे त्या काळातला त्या जातीचा ब्लॉक, कुठल्याही गाडीतून आणलेला. घेणारा समजतो तिसरी. दोघंही खोटं बोलत नाहीत आणि भाव मात्र दुप्पट.

त्यात गंमत अशी की हे आकडे ठोकलेले असतात ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातल्या पट्टीवर, जी हेड बसतं त्याच सपाटीत येते. इंजिनचं काम काढलं, लेथवाल्याने ब्लॉकला फेसिंग मारलं, म्हणजे ती सपाटी घासून सरळ केली, की नंबर पुसला. म्हणजे नीट, प्रामाणिकपणे केलेली दुरुस्तीच पुरावा खाऊन टाकते. मग कोरी पट्टी बघून कोणी नवे आकडे ठोकतो, आणि पारखी लोक भिंग घेऊन कारखान्याच्या हत्याराच्या समांतर रेघा तिथे आहेत का ते बघतात, आणि आता त्या रेघाही बनवून देणारे आहेत. दुसरा घोळ गाडीच्याच नंबरात. १९६९च्या कॅमॅरोचा नंबर १२४३७ने सुरू झाला तर व्ही-८ आणि कूपे एवढं कळतं, ती एसएस आहे की झेड-२८ (दोन्ही जास्त ताकदीची, महागडी रूपं) की साधी ते त्यात लिहिलेलंच नाही. क्रायस्लरच्या गाड्यांत इंजिनाचं अक्षर नंबरातच होतं, १९६६पासून जीटीओचाही नंबर २४२ने सुरू व्हायचा, तिथे चोरी पटकन पकडली जाते. कॅमॅरोत नाही. त्यामुळे खऱ्या एसएस जितक्या झाल्या त्याहून जास्त आज फिरताना दिसतात असं लोक थट्टेने म्हणतात, आणि घरी बनवलेल्या नकलेला क्लोन म्हणायचं की ट्रिब्यूट यावर रात्र-रात्र वाद घालतात. माझ्या मते मालकाने विकताना तोंडाने सांगितलं तर काहीही म्हणा.

हा सगळा बारकावा लिलावांबरोबर आला. १९८०च्या दशकाच्या शेवटी भाव चढले, मग कोसळले, २०००च्या दशकात पुन्हा चढले. १९७१च्या प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाच्या, एकूण ११ झाल्या, त्यातली एक २०१४ला ३५ लाख डॉलरला गेली. असे आकडे ऐकल्यावर शेजारच्या अंगणात कुजणारी सहा सिलेंडरची साधी गाडीसुद्धा लोकांना वारसा वाटायला लागली.

आणि बरोबर त्याच काळात बाहेरून जुनी, आतून नवी अशी गाडी बांधणारे वाढले, ज्याला प्रो टूरिंग म्हणतात. सरळ पळण्याऐवजी वळायची, थांबायची गाडी. त्याला इंधन मिळालं ते १९९७च्या कॉर्व्हेटमधून: एलएस१, ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचं, ३४५ हॉर्सपॉवर, जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा शंभरेक पौंडांनी हलकं. पण घरच्या लोकांसाठी त्याहून महत्त्वाची १९९९पासूनच्या पिकअप ट्रकमधली त्याची लोखंडी भावंडं, ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची. ती लाखांनी बनली, ट्रक ठोकले गेले, जंकयार्डात रांगा लागल्या. मागचे गिअरबॉक्सचे बोल्ट जुन्या छोट्या व्ही-८शी जवळजवळ सगळे जुळतात, इंजिन माउंटला मधे एक प्लेट लावली की काम झालं. अडतं कुठे, तर ट्रकची खोल ऑइल पॅन कॅमॅरोच्या इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला लागते, ती बदलावी लागते. आणि जुन्या कार्ब्युरेटरला सहा-सात पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरायचं, याला ५८ लागतं, म्हणजे टाकीतला पंप, पाइप, रेग्युलेटर सगळं नवं. वायरिंगला लोक घाबरायचे, तेही सुटलं.

इंजिन वाढलं की बॉडीचं काम आलंच. पहिल्या कॅमॅरोला पुढे सबफ्रेम, म्हणजे अर्धा सांगाडा, रबरी बुशांवर बोल्टने अडकवलेला आणि मागे नुसती पत्र्याची, वेगळा सांगाडा नसलेली युनिबॉडी, जोर लावला की गाडी मधेच पिळते, म्हणून दोन्हींना जोडणारे सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करतात. जुन्या मस्टँगमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर, म्हणजे सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उंचवटे, जागा खातात. ते कापायचे आणि खाली १९७४च्या मस्टँग टूच्या धाटणीचं सस्पेन्शन घालायचं, म्हणजे ज्या मस्टँगला सगळे पिंटो (फोर्डचीच स्वस्त छोटी गाडी) म्हणून हिणवत होते तिचंच पुढचं अंग आज इतक्या जुन्या फोर्डांखाली आहे. टॉवर न कापता काय बसतं, तर शेवरलेचं एलएस, कारण ते अरुंद. फोर्डवाल्यांना हे सांगून बघा, जेवण सोडतील. २०००च्या दशकात १९६९च्या कॅमॅरोची अख्खी नवी बॉडी पत्र्यात छापून विकत मिळायला लागली, मग मूळ गाडी कापल्याचं पापही उरलं नाही, फक्त नंबर कुठला लावायचा हा प्रश्न उरला.

आपल्याकडे हा छंद जवळपास अशक्य आहे ते सांगायला हवं. जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांच्या वरच्या गाडीला नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन मुळातलं असेल तरच. म्हणजे पुण्यातल्या माणसाला कापायची परवानगीच नाही, वादाचा प्रश्नच येत नाही.

तिकडे कॅलिफोर्नियात रेघ वर्षाची आहे. १९७५पर्यंतच्या पेट्रोल गाडीला धुराची तपासणी नाही, त्यामुळे कुठलं इंजिन टाकलं ते तपासणीत कोणी बघत नाही. १९७६पासून पुढे तपासणी आहेच, आणि इंजिन बदललंच तर ते त्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याच्या सगळ्या प्रदूषण सामानासकट. त्यामुळे १९७५ची फायरबर्ड आणि १९७६ची फायरबर्ड, दिसायला सख्ख्या बहिणी, तिथे दोन वेगळ्या किमतींना विकल्या जातात. आणि शोमध्ये अलीकडे वेगळीच रांग लागते, डे टू गाड्यांची: घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाने जसे हेडर, चाकं, ट्रॅक्शन बार लावले होते तशीच्या तशी परत उभी केलेली गाडी. ते त्या वेळचे हेडर शोधायला लोक आता कारखान्याच्या मॅनिफोल्डइतकेच पैसे मोजायला तयार आहेत.