कारखान्याची वाया जाणारी उष्णता शहराच्या घराघरात

कोळशावर वीज बनवताना त्यातली साधारण ३५ ते ४० टक्केच ऊर्जा विजेत येते, बाकीची बहुतेक गरम पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाते, आणि थंड देशांत त्याच गावातले लोक घर गरम ठेवायला वेगळं इंधन जाळत बसतात. मला हे फार खटकतं.

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या छोट्या बंदराच्या शहराने यावर मार्ग काढला, आणि तोही कुठला मोठा मास्टर प्लॅन न करता, एकेक सौदा करत. तिथं जमिनीखालचं पाणी कमी, म्हणून १९६१ मध्ये रिफायनरीसाठी टिसो तलावातून पाइपलाइन आली. १९७२ मध्ये रिफायनरीतला जास्तीचा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डच्या (भिंती आणि छताला लावतात त्या पाट्यांच्या) फॅक्टरीला मिळायला लागला. मग ८०च्या दशकाच्या सुरुवातीला वीज केंद्राची उष्णता शहरातली घरं तापवायला आणि वाफ रिफायनरी आणि औषधांच्या कारखान्याला जायला लागली. वीज आणि उष्णता दोन्ही वापरली की त्याच इंधनातली ८० टक्क्यांहून जास्त ऊर्जा कामी येऊ शकते.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे जिप्सम. कोळशातल्या गंधकामुळे धुरात सल्फर डायऑक्साइड येतो, तो चुनखडीच्या पाण्यातून नेला आणि त्यात हवा सोडली की कॅल्शियम सल्फेट म्हणजेच जिप्सम तयार होतं, मग प्रदूषण थांबवायला बसवलेल्या यंत्रणेतूनच बोर्डसाठी कच्चा माल निघाला आणि खाणीतून आणायचं जिप्सम तेवढं वाचलं.

अंतर मात्र फार महत्त्वाचं. जिप्सम ट्रकने कुठंही नेता येतं, पण वाफ लांब नेली तर वाटेत थंड होते आणि तिचं पाणी होतं, म्हणून घेणारा जवळच लागतो. इथंच शहराचं काम येतं, कारण रस्त्याखालून पाइप टाकायची परवानगी, घरांपर्यंतचं नेटवर्क, कुठला कारखाना कुठं बसवायचा हे सगळं नगरपालिकेच्या हातात असतं. स्टॉकहोममध्ये आता डेटा सेंटरमधली उष्णतासुद्धा शहराच्या हीटिंग नेटवर्कमध्ये घेतात, ती कोमट असते म्हणून हीट पंपाने, म्हणजे वीज वापरून कोमट उष्णता जास्त गरम करणाऱ्या यंत्राने, तापमान वाढवावं लागतं.

पाइप टाकणं सोपं, एकमेकांवर विसंबून राहणं अवघड. कालुंडबोर्गच्या वीज केंद्राने नंतर कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले, हवामानासाठी हे चांगलं मानलं जातं, पण लाकडात गंधक अगदी कमी असतं, म्हणजे धुरातून मिळणाऱ्या जिप्समचा झराच आटला. त्यामुळे असे करार करताना देणाऱ्याने इंधन बदललं किंवा प्लांट बंद केला तर घेणाऱ्याने काय करायचं, पर्यायी बॉयलर कुणी ठेवायचा आणि त्याचा खर्च कुणी उचलायचा, हे आधीच लिहून ठेवावं लागतं.