चौकशीत न सापडणारा एस

नायजेरियातल्या इग्बो तरुण-तरुणींचं जमायला लागलं की हल्ली लवकरच एक प्रश्न येतो, ‘तुझा जीनोटाइप काय?’ प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा: ए म्हणजे साधं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलसेलचं, आणि आई-बापांकडून एकेक मिळतं. उत्तर बहुधा एए, एएस किंवा एसएस असतं. दोघंही एएस निघाले तर ठरत आलेली लग्नं मोडतात. अनेक चर्चमध्ये तर हा दाखला आणल्याशिवाय लग्न लागत नाही. प्रयोगशाळा येण्याच्या कितीतरी आधीपासून घराण्यातल्या आजारांचा माग काढायचं काम तिथे एक मध्यस्थ करत आला आहे. त्याच्या चौकशीतून नेमकं किती कळू शकतं, याचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे.

आग्नेय नायजेरियातल्या एनुगू, अनाम्ब्रा, इमो, अबिया, एबोन्यी या राज्यांत इग्बो मोठ्या संख्येने राहतात. एका मूळपुरुषापासून आलेली भाऊबंदकी म्हणजे ‘उमुन्ना’, आणि तिच्या आत लग्न चालत नाही. त्यामुळे मुलगी बहुतेकदा परक्या घरातली, अनेकदा परगावची. अशा वेळी दोन्हीकडे ऊठबस असलेला मध्यस्थ, ‘ओन्ये आका एबे’, पुढे होतो. वधूमूल्याची घासाघीस त्याच्यामार्फत होते, आणि पुढे नवरा-बायकोचं बिनसलं तर साक्षही त्याचीच. पण सगळ्यात नाजूक भाग ‘इजू एसे’ म्हणजे चौकशीचा. घराण्यात वेड, फेफरं, कुष्ठरोग, चोरीमारी, अकाली मृत्यू आहेत का, हे दोन्ही बाजू गुपचूप काढून घेतात. (कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, तो पिढीजात नाही. पण या यादीने कित्येकांची लग्नं अडवली असतील.)

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. दोन्ही पालकांकडून एस आला तर मूल एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. हे संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशात एस टिकून राहिला आणि नायजेरियात साधारण चारातला एक माणूस वाहक आहे.

कागद-पेन्सिल घ्या. आई-बापांच्या पिढीत चारातला एक एएस, बाकी सगळे एए असं धरा. मग १६ जोडप्यांपैकी सरासरी ९ जोडप्यांत दोघंही एए, ६ जोडप्यांत एकच वाहक आणि एकाच जोडप्यात दोघंही वाहक. प्रत्येकाला चार मुलं धरली तर एकूण ६४. पहिल्या गटातली ३६ मुलं सगळी एए. दुसऱ्या गटातल्या २४ पैकी १२ एएस. शेवटच्या घरात एक एए, दोन एएस आणि एक एसएस. म्हणजे ६३ निरोगी मुलांत १४ वाहक, सुमारे २२ टक्के.

मध्यस्थाला फक्त शेवटचं घर दिसतं, कारण आजारी मूल तिथेच आहे. त्या घरातल्या निरोगी भावंडांपैकी तिघांत दोघं वाहक, म्हणजे ६७ टक्के. तेव्हा त्याचा ‘नको’ अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण ते घर वगळलं तरी ६० मुलांत १२ वाहक उरतात, म्हणजे २० टक्के. बावीसवरून वीस! काका-आत्यांचीही चौकशी केली तर आकडा आणखी थोडा उतरेल, एवढंच. चौदापैकी बारा वाहक अशा घरांत वाढले जिथे कधी कुणी आजारी पडलंच नाही. तिथे कितीही उंबरे झिजवले तरी हाती काय लागणार?

शिवाय आजार आजार म्हणून ओळखलाही जात नसे. एकाच आईची मुलं एकामागून एक दगावली की तेच खोडसाळ मूल पुन्हा पुन्हा जन्म घेऊन मरतं, असं मानत. त्याला ‘ओग्बान्जे’ म्हणत. पुन्हा येऊ नये म्हणून मृत बाळाच्या अंगावर खुणा करत. यातली कित्येक मुलं सिकलसेलची असावीत, असं अभ्यासकांचं मत आहे. जिने आधीच मुलं गमावली, त्या आईपुढे तिच्या बाळाची अशी विटंबना करायची! या समजुतीचं कौतुक मला तरी करवत नाही.

आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात हाच एस आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणी करून कार्डं दिली जातात. पण पुण्या-मुंबईच्या बायोडेटात अजून ‘रक्तगट बी पॉझिटिव्ह’ एवढंच झळकतं, आणि सारखा रक्तगट म्हणून स्थळ नाकारणारेही भेटतात. सारख्या रक्तगटाने मुलांना काहीही होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, आणि त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन आहे. रक्तगटावरून एस कळत नाही, त्याची चाचणी वेगळी.

कार्डाचाही उलटा अर्थ लावला जातो. मुलगी एएस म्हणजे ‘दोषी’, म्हणून नकार. मुलगा एए असेल तर त्यांचं एकही मूल एसएस होणार नाही. प्रश्न फक्त मुलाचाही रिपोर्ट मागायचा असतो.